घ्यायला जाणारा गॅब्रिएल

सांडोरात गॅब्रिएल नावाची माणसं चार-पाच तरी निघतील. एक केळीवाला, एक लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, एक नुसताच भांडखोर. पण 'घ्यायला जाणारा गॅब्रिएल' म्हणालात की शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला बरोब्बर त्याच्या अंगणात आणून सोडेल.

घ्यायला म्हणजे विमानतळावर. गॅब्रिएलची नोकरी सहारला, एका कंपनीत स्टोअरकीपरची. विमानतळ तिथून चालत जाण्याइतकं जवळ. मग काय! गावातलं कुणी कुवेतहून येवो की बोटीवरून सुट्टीला येवो, "गॅब्रिएल आहे ना तिकडे," असं म्हणायची गावाला सवयच लागली. बरं, वसईच्या या गावांची रीत अशी की परदेशातून आलेल्या माणसानं एकट्यानं घरी यायचं नाही. कुणीतरी घ्यायला गेलंच पाहिजे. नाही गेलं तर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुज सुरू, "काय गं, भांडण झालंय वाटतं त्यांच्या घरात?" पूर्वी घरंच्या घरं मॅटाडोर करून जायची, तान्ह्या पोरांसकट. पुढे माणसांना वेळ मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या वाटणीचं जाणं एकट्या गॅब्रिएलच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, त्यानंच हौसेनं घालून घेतलं.

कारण गॅब्रिएल मुलखाचा चौकस. विमानतळाच्या कठड्याला रेलून बाहेर येणारी माणसं बघत उभं राहायचा त्याला कधी कंटाळा म्हणून आला नाही. हा कोण असेल, याला न्यायला बायको आलीय की मेहुणा, ही आता रडणार की हसणार, असले अंदाज बांधायचे आणि बरोबर निघाले की शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगायचं. त्याचे नियमही ठरलेले. घरच्या माणसासाठी पाटी धरायची नाही, पाटी परक्यासाठी. आलेल्याच्या हातातली बॅग आधी घ्यायची, बोलणं मागाहून. आणि पहिला प्रश्न एकच, "प्रवास कसा झाला?"

आता इथंच त्याचं एक कोडं होतं. या प्रश्नाला कुणी म्हणजे कुणी उत्तर देत नसे. एवढ्या वर्षांत एकानंही "बरा झाला" इतकंसुद्धा म्हटलं नव्हतं. नुसते बघत राहायचे, नाहीतर मुंडी हलवायचे, आणि तोंड उघडायचे ते गाडी अंधेरी ओलांडून गेल्यावर. "असं का गं होत असेल?" तो बायकोला, रेजिनाला, विचारी. "विमानात जिभा काढून ठेवून घेतात की काय यांच्या?"

"तुमी एकदा बसा विमानात, मंग कळेल," रेजिना म्हणे आणि मासळीला मीठ लावायला घेई.

रेजिनाचा हा तुटकपणा उगाच नव्हता. गॅब्रिएलच्या या हौसेपायी तिचा मुलगा दुखावला होता. क्लेटन तिसरीत असताना शाळेची सहल राजोडीला गेली होती. बस परत आली, सगळ्या पोरांचे आईबाप येऊन आपापली पोरं घेऊन गेले. क्लेटन पाण्याची बाटली गळ्यात अडकवून चर्चच्या पायरीवर बसून राहिला, कारण त्याला घ्यायला येणारे पपा त्या वेळी शेजारच्या गॉडफ्रेच्या मोठ्या भावाला घ्यायला सहारला गेले होते. रेजिना तेव्हा बाळंतपणाला माहेरी. शेवटी चर्चचा मिरणेल, म्हणजे घंटा वाजवणारा माणूस, त्याला घरी सोडून गेला. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, पोरं विसरतात. काही पोरं नाही विसरत. कॅनडाला निघाला त्या दिवशी क्लेटन बापाला म्हणाला, "पपा, तुम्ही अख्ख्या गावाला घ्यायला जाता. मला सोडायला येऊ नका." आणि खरंच एकटा गेला. त्यानंतर सगळी नाताळं त्याच्यावाचून झाली. फोनवर आईशी तासभर, आणि बापाशी "बरे आहात ना? ठेवतो."

यंदा तो येणार होता. आईला एवढंच बोलला, "घ्यायला कुणी येऊ नका. मी टॅक्सी करून येईन."

गॅब्रिएलनं ते ऐकलं आणि त्याच क्षणी ठरवून टाकलं. क्लेटन त्या दारातून बाहेर पडेल तेव्हा कठड्यापाशी बाप उभा दिसला पाहिजे. मग त्यानं बोलावं, न बोलावं, पाठ फिरवावी. पण बाप तिथं दिसलाच पाहिजे. पुन्हा त्या पोराला पायरीवर बसवायचं नाही.

योगही जुळून आला होता. मुलगी प्रिन्सी हैदराबादला नोकरीला. तिनं बापाला आठ दिवस बोलावून घेतलं होतं, आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या विमानप्रवासानं. गॅब्रिएल तिच्यासाठी सुकेळी, आपली वसईची वाळवलेली केळी, घेऊन गेला, सगळं हैदराबाद चौकशा करकरून दमवलं, आणि परतीचं तिकीट मुद्दाम त्याच दिवसाचं काढायला लावलं. सकाळी आपण मुंबईला उतरायचं, दुपारी चारला क्लेटन उतरणार. घरी जायचंच नाही, तिथंच उभं राहायचं. जाताना हैदराबादला उतरल्यावर बाहेर येणाऱ्यांच्या बाजूनं कठडा कसा दिसतो हे बघायची त्याला केवढी उत्सुकता होती! पण प्रिन्सी ऑफिसात, तिनं नुसती गाडी पाठवलेली. कठड्यावरच्या शंभर तोंडांत त्याच्यासाठी एकही नव्हतं. कोडं तसंच राहिलं.

परतताना मात्र देवाच्या मनात काहीतरी वेगळंच होतं. मुंबईवर धुकं उतरलं, विमान वरच्या वर घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी गुजरातेतल्या एका छोट्या विमानतळावर जाऊन टेकलं. छोटं म्हणजे किती, तर आपल्या एसटी स्टँडवर काच लावली तर जेवढं होईल तेवढं. भोवती उसाची शेतं. विमानातल्या मुलीनं सांगितलं, धुकं निवळेपर्यंत थांबू. ज्यांच्याजवळ हातातलंच सामान आहे त्यांना उतरायचं असेल तर उतरा, पण मग परत चढता येणार नाही.

शहाण्या माणसानं गप बसून राहावं की नाही? पण सारा जन्म बाहेर उभा राहून काढलेला माणूस, त्याला आत बसवेना. धुकं संध्याकाळपर्यंत नाहीच निवळलं तर? क्लेटनच्या विमानाला काय, तो उतरेल, आणि आपण इथं पट्टा बांधून! रस्त्यानं गेलं तर वेळेवर पोचतो अजून. गॅब्रिएलनं वरची बॅग ओढली आणि छातीवर क्रूसाची खूण करून उतरला.

बाहेर प्रिन्सीला फोन लावला. तिनं डोक्याला हात लावला असणार, पण बिचारीनं हैदराबादेत बसून ॲपवरून वसईपर्यंतची गाडी मिळवून दिली. "पपा, लिहून घ्या. ड्रायव्हरचं नाव सुरज. गाडीचा नंबर एमएच अठ्ठेचाळीस—"

"अठ्ठेचाळीस? म्हणजे आपल्या वसईची गाडी!" गॅब्रिएल एवढ्या मोठ्यानं ओरडला की दारावरचा शिपाई वळून बघायला लागला. "इथं कशी आली गं ती? भाडं घेऊन आला असेल का? राहतो कुठं तो?"

"ते त्यालाच विचारा. आणि हा ओटीपी, चार आकडे, सात-दोन-नऊ-एक, तो गाडीत बसल्यावर—" इथं गॅब्रिएलच्या फोननं मान टाकली. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. साहेब सामान भरत होते ना, सतरा वेळा!

आता पंचाईत अशी की ॲपच्या गाड्या आत येत नव्हत्या. त्या बाहेर रस्त्यावर कुठं उभ्या राहतात हे शिपायाला माहीत नव्हतं, आणि सुरजला फोन करावा तर नंबर प्रिन्सीकडे. गॅब्रिएल फाटकाबाहेर आला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी. पांढऱ्या गाड्या येत होत्या, जात होत्या, सगळ्या सारख्या. त्यानं संत अंतोनीला हाक मारली, हरवलेलं शोधून देणारा संत तो. आणि मग त्याला जे आयुष्यभर येत होतं तेच त्यानं केलं. क्लेटनसाठी घेतलेल्या हैदराबादी बिस्किटांच्या खोक्याचं झाकण फाडलं, टपरीवाल्याकडून जाडं पेन मागितलं, ठळक अक्षरांत 'सुरज, वसई' लिहिलं आणि पाटी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला ताठ उभा राहिला.

अहो, प्रवासी कोण आणि न्यायला आलेला कोण! पण त्याच्या डोक्यात हिशेब साधा होता. ज्याला ओळखत नाही त्याची पाटी धरायची, तो येतो. आजवर आला नाही असं झालेलं नाही.

पाटी बघून एक सुटाबुटातलं जोडपं सरळ त्याच्यापाशी आलं आणि "हॉटेलची गाडी ना?" असं विचारत नवऱ्यानं बॅग पुढे केली. गॅब्रिएलनं ती घेतलीसुद्धा. चार पावलं गेल्यावर भानावर आला, जीभ चावली आणि परत देऊन आला.

एक पांढरी गाडी दोनदा समोरून गेली. तिसऱ्यांदा थांबली. काच खाली झाली. आतला तिशीचा पोरगा पाटीकडे बघतोय, गॅब्रिएलकडे बघतोय, पुन्हा पाटीकडे.

"काका... हे माझं नाव आहे?"

"तू सुरज का? मग तुझंच की!"

पोरगा खाली उतरला. "मी पॅसेंजर शोधतोय दहा मिनिटं. माझंच नाव दिसलं म्हणून पुढे निघून गेलो, म्हटलं दुसरा कुणी असेल. आणि काका, खाली हे चार आकडे? ओटीपी लिहिला तुम्ही पाटीवर?"

"विसरीन म्हणून लिहिला."

"अहो, तो गुप्त ठेवायचा असतो!"

"इथं बघायला कोण आहे, ऊस?" गॅब्रिएल म्हणाला आणि सवयीनं हात पुढे केला. "आण, तुझी बॅग कुठाय?"

सुरज आधी हसला. मग हसायचा थांबला. "सात वर्षं गाडी चालवतोय मी," तो म्हणाला, "किती लोकांच्या पाट्या धरल्यात. माझं नाव लिहून कुणी उभं नव्हतं राहिलं कधी." त्यानं मोबाईल काढून पाटीसकट गॅब्रिएलचा फोटो घेतला आणि प्रिन्सीला पाठवून दिला, 'तुमचे पप्पा मिळाले' म्हणून.

गॅब्रिएल पुढच्या सीटवर बसला. मागं बसायचं म्हणजे ड्रायव्हरला तोडून टाकल्यासारखं वाटतं म्हणे. गाडी हायवेला लागेपर्यंत त्यानं सुरजचं सगळं काढून घेतलं. मूळचा माण तालुक्यातला, आता गोखिवऱ्यात भाड्याची खोली, बायको तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला, सासरा अमक्या गावचा. सासऱ्याच्या शेळ्यांपर्यंत पोचल्यावर सुरजनं विचारलं, "काका, आता तुम्ही सांगा. एवढी घाई कसली?"

मग गॅब्रिएलनं सांगितलं. सहलीचं, पायरीचं, पाण्याच्या बाटलीचं. काही न लपवता. सुरज म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. वसईला नाहीच थांबायचं, थेट एअरपोर्ट. चारच्या आत टच करतो."

आणि केलंही असतं त्यानं. पण मनोरच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झालेला. पुढे ट्रक, मागे ट्रक, शेंगदाणेवाले गाड्यांमधून हिंडायला लागलेले. इतक्यात गाडीत चार्ज झालेला फोन वाजला. रेजिना.

"कुटं आहात तुमी?"

"मनोरला. अडकलोय."

"कोनी सांगितलेलं उतरायला? तुमचं विमान मंगाशीच पोचलं मुंबईला! प्रिन्सीनं बघितलं. धुकं गेलं तासाभरात. बसून राहिला असतात तर आता तिथंच उभे असतात."

गॅब्रिएलनं फोन कानावरून खाली घेतला.

आणखी बराच वेळ गेला. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकायला लागल्या तेव्हा रेजिनाचा पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज खाली होता. "तो उतरला. बाहेर आला. फोन केला त्यानं मला."

"काय म्हणाला?"

"काय म्हननार? विचारलं, पपा कसे आहेत. मी सांगितलं सगळं. तो टॅक्सीनं येतोय. तुमी या सावकाश."

फोन ठेवल्यावर गॅब्रिएल बराच वेळ समोरच्या ट्रकच्या मागची अक्षरं वाचत बसला. ज्याला शेजारच्या गाडीतल्या कुत्र्याचंसुद्धा नाव हवं असायचं, त्याला आता कशाचंच कुतूहल उरलं नाही. मुलगा त्या दारातून बाहेर आला असेल. नको म्हणाला होता तरी एकदा कठड्यावरून नजर फिरवली असेल. फिरवतातच सगळे, त्यानं हजार वेळा पाहिलं होतं. गॅब्रिएलच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुरज," तो म्हणाला, "आता पळवू नको गाडी. गरज नाही."

सुरजनं मान हलवली. त्याच्या मोबाईलवर मेसेज येत होते, तो दोनदा बाजूला थांबून उत्तरं देत होता. एरवी गॅब्रिएलनं वाकून बघितलं असतं.

वसई फाट्याला आले तेव्हा दिवे लागले होते. पुलाखालून सांडोरकडे वळायचं तर सुरजनं गाडी कडेला घेतली. "दोन मिनिटं, काका. जरा पाय मोकळे करा."

गॅब्रिएल बॅग घेऊनच उतरला. बॅग गाडीत ठेवून उतरायचं नाही हा आणखी एक नियम. रिक्षांची ही गर्दी, वडापाववाल्याचा स्टोव्ह, गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून सुटलेल्या बायका. आणि त्या सगळ्यात, फळवाल्याच्या गाडीशेजारी, एक दाढीवाला माणूस पुठ्ठ्याची पाटी धरून उभा.

गॅब्रिएलला आधी रागच आला. कोण हा शहाणा? विमानतळ कुठं, फाटा कुठं! आणि पाटी धरायची ही काय पद्धत, पोटाशी? छातीशी धरावी, लांबून दिसते. सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, अक्षर गिचमीड. चष्मा सावरून त्यानं वाचलं.

'पपा'.

"अरे, नाव तरी लिही," तो पुटपुटला. "कुणाचा पपा? असं कसं सापडणार?"

तो दाढीवाला पाटी खाली न ठेवता त्याच्याकडेच बघत होता. त्याच्या मागे दोन मोठ्या सुटकेसी होत्या, अजून विमानाच्या पट्ट्या लावलेल्या. त्यानं डोकं एका बाजूला कलतं केलं, थेट रेजिनासारखं.

गॅब्रिएल जागच्या जागी उभा राहिला. रिक्षा, स्टोव्ह, बायका, त्याला काही दिसेना.

क्लेटन जवळ आला. "प्रिन्सीनं फोटो पाठवला तुमचा," तो म्हणाला. "ड्रायव्हरसाठी पाटी धरता ना तुम्ही? म्हटलं बघू. या दाढीत तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणून पाटी." आवाज चढा होता, भांडायच्या तयारीचा, पण मध्येच कुठंतरी फाटला. त्यानं वाकून बापाच्या हातातली बॅग धरली. गॅब्रिएलनं सोडली नाही. आयुष्यात कधी कुणाला आपली बॅग धरू दिली नव्हती त्यानं. क्लेटननं जरा ओढली, त्यानं जरा ओढली.

"सोडा, पपा. मी आलोय ना घ्यायला."

गॅब्रिएलनं मूठ सैल केली.

बॅग खांद्याला लावून क्लेटननं विचारलं, "प्रवास कसा झाला?"

गॅब्रिएलनं तोंड उघडलं. धुकं होतं, ऊस होता, कंटेनर होता, सासऱ्याच्या शेळ्या होत्या, सांगायला केवढं होतं. त्याला एक शब्द बोलता येईना. तो नुसता पोराकडे बघत राहिला.

मागून सुरज म्हणाला, "दादा, त्यांना आधी गाडीत बसवा. बोलतील मग."